वेशीच्या चित्रातली माणसे

‘वेस’ हा शब्द आमच्या वाचकांना फोड करून सांगावा लागत नाही. गावाला वेस असते आणि वेशीच्या आत कोण, बाहेर कोण, हे गावाने आधीच ठरवून टाकलेले असते. आपल्या आजा-पणजांची घरे वेशीबाहेर होती. म्हणून कुठल्याही वेशीचे चित्र समोर आले की इतरांना आधी कमान दिसते, बुरूज दिसतात. आम्हांला आधी प्रश्न पडतो, की हिच्या बाहेर कोण राहत होते? याला आमचा स्वभाव म्हणा की खोड म्हणा. पण या खोडीपायीच सातासमुद्रापलीकडच्या एका वेशीची ओळख आम्हांला झाली. ती वाचकांनाही करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. मागे रजेवर आली तेव्हा तिने मुलांसाठी चॉकलेटे आणली, आमच्या सौ.साठी स्वेटर आणला, आणि आमच्यासाठी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये जपून ठेवलेला एक कागद आणला. म्हणाली, “मामा, तुम्हाला वस्तू दिली की तुम्ही ती दुसऱ्याला देऊन टाकता. हे तेवढं ठेवा.” कागदावर शिसपेन्सिलीने काढलेले चित्र होते. नदीकाठच्या बागेत घडीच्या स्टुलावर बसून चित्रे काढणाऱ्या एका वयस्क चित्रकाराकडून तिने ते विकत घेतले होते. किंमत किती, हे तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. आम्ही पडलो कारकून. रुपयांत हिशेब करून हळहळत बसू, हे तिला ठाऊक होते.

चित्र कँटरबरी शहराच्या पश्चिम वेशीचे आहे. तिथले लोक तिला वेस्टगेट म्हणतात. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला केंट नावाचा परगणा आहे. त्यात लंडनपासून शंभरेक किलोमीटरवर हे शहर वसले आहे. शहराचे नाव जगभर गेले ते तिथल्या कॅथीड्रलमुळे. कॅथीड्रल म्हणजे बिशपची, अर्थात धर्मप्रमुखाची गादी असलेले मोठे चर्च. ही गादी इसवी सन ५९७ सालची. इंग्लंडच्या चर्चमधले सर्वांत मोठे पद, आर्चबिशप ऑफ कँटरबरी, ते याच गादीचे. चौदाशे वर्षांहून अधिक काळ तिच्यावर पुरुषच बसत आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदाच एका स्त्रीची, सॅरा मुलाली यांची, निवड जाहीर झाली. त्या धर्मकार्यात येण्यापूर्वी नर्स होत्या. ही बातमी भाचीने आम्हांला फोन करून अशा थाटात सांगितली, की जणू तिच्याच वॉर्डातल्या सिस्टरची बढती झाली आहे.

आता चित्राकडे येऊ. चित्रकार वेशीच्या बाहेरच्या अंगाला बसला आहे. समोर दोन गोल, जाडजूड बुरूज. उंची सुमारे साठ फूट, म्हणजे आपल्याकडच्या पाच-सहा मजली इमारतीएवढी. दोन बुरुजांच्या मध्ये कमान आणि माथ्यावर दातांसारख्या चऱ्या. बुरुजांच्या अंगावर ठिकठिकाणी कुलपाच्या भोकासारखी भोके दिसतात : खाली गोल, वर उभी फट. आपल्या किल्ल्यांच्या तटाला जंग्या असतात त्याच जातीची ही भोके. बंदुका डागण्यासाठी मुद्दाम ठेवलेली अशी भोके इंग्लंडात त्या काळी नवीनच होती. बाजूने स्टूर नावाची नदी वाहते. पूर्वी तिच्यावर उचलता येणारा पूल होता, आणि कमानीत वरून खाली सोडायचे, टोकदार गजांचे जाळीदार दार होते. दगड केंटमधलाच, राखी रंगाचा आणि घडवायला कठीण. इंग्लंडमध्ये आज शिल्लक असलेल्या शहरवेशींत ही सर्वांत मोठी.

हे सगळे त्या चित्रकाराने केवळ काळ्या-करड्या रेघांत उभे केले आहे. रंग नाही की शाई नाही. आम्ही चित्रकलेतले जाणकार नव्हे, पण चित्र बरेच दिवस जवळ ठेवले म्हणजे काही गोष्टी आपोआप दिसू लागतात. पहिली गोष्ट अशी, की उजेड काढलेलाच नाही. बुरुजाच्या एका अंगाला ऊन पडले आहे, तिथे चित्रकाराने काहीच केलेले नाही. कागद कोरा सोडला आहे. सावली तेवढी काढायची, ऊन आपोआप दिसते. दुसरी गोष्ट, दगड न् दगड काढलेला नाही. दहा-बारा दगडांच्या कडा दाखवल्या आहेत, बाकीचे आपण मनात पुरे करतो. तिसरी गोष्ट, कमानीच्या आतला अंधार सर्वांत काळा आहे. तिथे पेन्सिल इतक्या वेळा फिरवली आहे, की कागद तिरपा धरला तर चकाकतो.

रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांचा वर्ग भरतो. एका रविवारी आम्ही ते चित्र तिथे घेऊन गेलो आणि “काय दिसतं ते सांगा” म्हणालो. एकाने विचारले, “काका, हे दौलताबाद का?” दुसरा म्हणाला, “तोफा कुठून मारत असतील?” तिसऱ्याने भोके मोजायला सुरुवात केली. चौथीतली एक मुलगी मात्र गप्प बसून बघत होती. शेवटी ती म्हणाली, “काका, एवढा मोठा दरवाजा आहे, मग माणसं कुठं गेली?”

आम्ही चमकून पाहिले. खरेच, चित्रात एकही माणूस नव्हता. इतके दिवस चित्र आमच्या टेबलावर होते, पण हा प्रश्न सुचला त्या पोरीला. भाचीला फोन करून विचारले. ती म्हणाली, “मामा, मीही त्याला हेच विचारलं होतं. तो म्हणाला, माणसं थांबत नाहीत, दगड थांबतो. म्हणून मी दगड काढतो.”

चित्रकाराचे बरोबरच आहे. पण दगड काही आपणहून तिथे येऊन उभे राहिले नाहीत. आम्ही मुलांना कबूल केले, की या दरवाजातली माणसे शोधून पुढच्या रविवारी सांगू. भाचीने तिकडची माहिती गोळा केली, आम्ही इकडे ग्रंथालयात बसलो. जे हाती आले ते असे.

सध्याचा दरवाजा इसवी सन १३८० च्या सुमाराचा. पण त्याच जागी आधी जुनी वेस होती, अगदी रोमन लोकांच्या काळापासून. त्या जुन्या वेशीतून १२ जुलै ११७४ रोजी एक माणूस अनवाणी चालत आत गेला. तो इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री. चार वर्षांपूर्वी, २९ डिसेंबर ११७० रोजी, त्याच्या चार सरदारांनी आर्चबिशप थॉमस बेकेट याचा कॅथीड्रलमध्येच खून केला होता. लोकांचा रोष राजावर होता. वेशीबाहेरच्या सेंट डन्स्टन चर्चपाशी राजाने पायांतले काढले, अंगावर साधे कपडे चढवले आणि शहरातून चालत जाऊन कॅथीड्रलमध्ये मठवासी साधूंच्या हातचे फटके खाल्ले. राजाला अनवाणी चालावे लागले, ही गोष्ट तिथे साडेआठशे वर्षे सांगितली जाते. ज्यांना रोजच अनवाणी चालावे लागे, त्यांची गोष्ट सांगायला कुणी नव्हते.

त्याच प्रवासात राजा आणखी एका ठिकाणी थांबला होता. वेशीपासून सुमारे दीड किलोमीटर पश्चिमेला हार्बलडाउन नावाचे गाव आहे. तिथे १०८४ च्या सुमारास महारोग्यांसाठी एक आश्रम बांधला गेला होता. आश्रम शहरात नव्हे, वेशीच्याही बाहेर, लंडनच्या रस्त्यावर. रोग्यांनी तिथेच राहायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या यात्रेकरूंच्या दानावर जगायचे. राजाने त्यांना वर्षाला वीस मार्कांची नेमणूक करून दिली. मार्क हे त्या काळचे हिशेबाचे नाणे. आमच्या ‘बाहेर कोण राहत होते’ या प्रश्नाचे पहिले उत्तर आम्हांला इथे मिळाले. फरक एवढाच, की त्यांना रोगापायी बाहेर ठेवले होते. नुसत्या जन्मापायी बाहेर ठेवण्याची अक्कल आपल्याच देशात निघाली.

बेकेटला पुढे संतपद मिळाले आणि त्याच्या समाधीच्या दर्शनाला देशभरातून यात्रा लोटू लागली. ही समाधी १५३८ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत मोडून टाकली गेली, पण तोवर जवळजवळ पावणेचारशे वर्षे लोक येत राहिले. लंडनकडून येणारे यात्रेकरू याच वेशीतून आत जात. चौसर या इंग्रज कवीने अशाच यात्रेकरूंच्या कथा चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या. रात्री दरवाजे बंद होत. उशिरा पोचलेल्याने बाहेरच्या सराईत मुक्काम करायचा. म्हणजे पैसेवाल्याने सराईत आणि बाकीच्यांनी जिथे जागा सापडेल तिथे.

आता दरवाजा बांधणाऱ्यांकडे वळू. तेव्हा इंग्लंड आणि फ्रान्स यांचे दीर्घ युद्ध चालू होते. फ्रेंच लोक समुद्रावरून चालून येतील ही भीती होती आणि केंट तर समुद्रालगतच. म्हणून शहराचा तट दुरुस्त करण्याचे आणि ही वेस नव्याने बांधण्याचे काम निघाले. त्यामागे होता तेव्हाचा आर्चबिशप सायमन सडबरी. स्थपती म्हणून हेन्री यव्हेल या नामांकित कारागिराचे नाव घेतले जाते. पण पैसा कुठला? आर्चबिशपकडे मोठमोठ्या जमिनी होत्या. त्या जमिनींवर कुळे राबत; काही जण तर जमिनीला बांधलेले दास होते, धन्याच्या परवानगीवाचून गाव सोडण्याची त्यांना मुभा नव्हती. दगड कॅथीड्रलच्या नावाने रचला गेला, पण घाम त्यांचा होता.

या लोकांची त्या वेळची अवस्था समजून घेण्यासारखी आहे. १३४८-४९ साली प्लेगने इंग्लंडची निदान एकतृतीयांश माणसे गिळली. मजूर कमी झाले, साहजिकच मजुरी वाढू लागली. तेव्हा जमीनदारांच्या पार्लमेंटने १३५१ साली कायदा केला, की मजुराने प्लेगपूर्वीच्याच दराने काम केले पाहिजे; जास्त मागेल त्याला शिक्षा. त्यावर युद्धाचा खर्च. त्यासाठी डोईपट्टी बसवली. १३७७ साली माणशी चार पेन्स होती, आणि १३८० च्या नोव्हेंबरात ठरलेली तिसरी पट्टी माणशी एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स. तीन वर्षांत तिप्पट! पंधरा वर्षांवरील प्रत्येकाच्या डोक्यावर हा आकार होता. आम्ही आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या आहेत. गरिबाला आणि श्रीमंताला सारखी पट्टी लावली की ती सारखी राहत नाही, हे कळायला बी.कॉम. व्हावे लागत नाही. आणि या पट्टीच्या वेळी राज्याचा चॅन्सेलर, म्हणजे राजाचा मुख्य मंत्री कोण होता? आपले वेस बांधणारे सायमन सडबरीच.

१३८१ च्या उन्हाळ्यात केंट आणि एसेक्सचे शेतकरी उठले. त्यांचा पुढारी वॅट टायलर. त्यांचा उपदेशक जॉन बॉल नावाचा एक गरीब पाद्री. धनी आणि दास हा भेद देवाने केलेला नाही, माणसांनी केलेला आहे, असे तो गावोगाव सांगत फिरे. त्याबद्दल आर्चबिशपने त्याला बहिष्कृत करून तुरुंगात घातले होते. उठाव करणाऱ्यांनी त्याला सोडवले. १० जून १३८१ रोजी हे लोक कँटरबरीत शिरले. दरवाजा नवा, तट नवा, बंदुकीची भोकेही नवी! पण ती काही उपयोगी पडली नाहीत, कारण शहरातले अनेक लोक त्यांनाच जाऊन मिळाले. वेस बाहेरच्या शत्रूसाठी बांधली होती. आतली माणसेच बाहेरच्यांची झाली, तर दगड काय करणार? त्यांनी किल्ल्यातला तुरुंग फोडून कैदी मोकळे केले. प्रार्थना चालू असताना ते कॅथीड्रलमध्ये घुसले आणि साधूंना म्हणाले, नवा आर्चबिशप निवडून ठेवा, जुना आता राहत नाही.

तसेच झाले. १४ जूनला लंडनमध्ये टॉवरच्या टेकडीवर जमावाने सडबरीचे मुंडके उडवले आणि लंडनच्या पुलावर टांगले. दुसऱ्याच दिवशी राजाशी बोलणी करायला गेलेला वॅट टायलर मारला गेला, आणि मग पुलावर त्याच जागी त्याचे मुंडके लागले. चौदा वर्षांच्या राजाने, दुसऱ्या रिचर्डने, शेतकऱ्यांना दास्यमुक्तीची लेखी आश्वासने दिली होती. गर्दी पांगताच ती मागे घेतली. १५ जुलैला जॉन बॉललाही फाशी झाली. मुंडकी उडवण्याचे समर्थन आम्ही कधीच करणार नाही. रक्त सांडून मिळवलेले फार टिकत नाही, हे या गोष्टीतही दिसते. पण त्या डोईपट्टीसारखी पट्टी बसवायला पुढची कित्येक वर्षे कोणी धजले नाही, आणि दास्याची ती पद्धत पुढच्या दोनेक शतकांत झिजत झिजत संपली.

सडबरीची कवटी त्याच्या जन्मगावच्या चर्चमध्ये जपून ठेवलेली आहे. २०११ साली शास्त्रज्ञांनी तिच्यावरून त्याचा चेहरा तयार केला. सहाशेतीस वर्षांनी त्या माणसाचे नाक-डोळे जगाला पाहायला मिळाले. पण बुरुजाचा दगड घडवणाऱ्या पाथरवटाचा, चुन्याची घमेली वाहणाऱ्या बाईचा, एक शिलिंगासाठी घरातले भांडे विकणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा कुठून आणायचा? त्यांच्या कवट्या कुणी ठेवल्या नाहीत.

दरवाजाची पुढची कहाणीही ऐकण्याजोगी आहे. पंधराव्या शतकापासून बुरुजांत तुरुंग होता आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत तो चालला. चोर-दरोडेखोर होतेच, पण कर्ज फेडता न आलेली माणसेही तिथे कोंडली जात. ज्या कमानीखालून यात्रेकरू पुण्य जोडायला जात, तिच्याच डोक्यावर कर्जदार बसलेला असे. कँटरबरीला अशा आणखी वेशी होत्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस गाड्यांना अडचण होते म्हणून त्या पाडायला सुरुवात झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत त्या सगळ्या गेल्या. एवढी एक वाचली, कारण तुरुंग म्हणून ती उपयोगाची होती. एका सर्कशीचे हत्ती आत येईनात म्हणून तीही पाडायचा घाट घातला होता आणि केवळ एका मताने ती वाचली, अशीही गोष्ट तिथे सांगतात. १ जून १९४२ च्या रात्री जर्मन विमानांनी शहराचा मोठा भाग जाळला, त्यातूनही ती उभी राहिली. आता तिथे संग्रहालय आहे. भाची वर चढून आली आहे. ती म्हणते, वरून सगळे शहर आणि कॅथीड्रल दिसते, पण तिला जास्त आठवते ती कोठडीची लहानशी खिडकी.

पुढच्या रविवारी हे सारे मुलांना सांगितले. ती चौथीतली मुलगी म्हणाली, “म्हणजे माणसं आहेत. काढायची राहिलीत.”

हे वाक्य आमच्या घरातही आले, कारण वर्गात आमची धाकटी बसली होती. ती दहावीत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा तिने दिल्या आहेत, आणि बारावीनंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचे असे तिच्या मनाने घेतले आहे. यावरून आमच्या घरात वर्षभर धुसफूस चालू आहे. सौ. म्हणतात, “अहो, चित्रं काढून चूल पेटते का? थोरल्याला नोकरी लागायला तीन वर्षं गेली.” सौ.चे म्हणणे खोटे नाही. त्यांच्या आईने मिलच्या चाळीत पापड लाटून मुलांना शिकवले. शिक्षणाने पोट भरले पाहिजे, हे त्या घरात कुणी शिकवले नाही. ते परिस्थितीनेच शिकवले.

आम्ही धाकटीच्या बाजूने म्हणून टर्नरची गोष्ट काढली. जे. एम. डब्ल्यू. टर्नर हा इंग्लंडचा फार मोठा चित्रकार, जन्म १७७५. बाप लंडनमध्ये न्हावी. केस कापायचा आणि टोप विणायचा. पोराने काढलेली चित्रे तो दुकानाच्या खिडकीत लावून काही शिलिंगांना विकायचा. चौदाव्या वर्षी, १७८९ साली, पोराला रॉयल अकादमीच्या शाळेत प्रवेश मिळाला. उन्हाळ्यात वही-पेन्सिल घेऊन तो पायी हिंडे. चर्च, पडके वाडे, जुन्या वास्तू पेन्सिलीने टिपून आणी आणि हिवाळ्यात त्यांवरून रंगीत चित्रे करी. कँटरबरीच्या कॅथीड्रलमधल्या एका प्रार्थनास्थळाचे त्याचे चित्र १७९४ साली अकादमीच्या प्रदर्शनात लागले होते, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढे १८४० साली त्याने गुलामांना समुद्रात फेकून देणाऱ्या जहाजाचे चित्र काढले. २०२० पासून इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर या न्हाव्याच्या मुलाचा चेहरा आहे.

सौ.नी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि ज्यांचा चेहरा नोटेवर आला नाही, त्या बाकीच्या न्हाव्यांच्या पोरांचं काय झालं?” आम्हांला उत्तर देता आले नाही. एका टर्नरवर घरसंसाराचा अंदाजपत्रक मांडता येत नाही, हे आम्हांलाही कळते.

मग धाकटीने स्वतःच एक गोष्ट केली. वेशीच्या चित्राची तिने मोठ्या कागदावर नक्कल केली. आठ रविवार लागले. पेन्सिलीतला फरक तेव्हा आम्हांला कळला : एच असेल ती कडक, तिची रेघ फिकी, बी असेल ती मऊ, तिची रेघ काळी. आपण शिसपेन्सिल म्हणतो खरे, पण तिच्यात शिसे नसतेच, असते ग्रॅफाइट. सोळाव्या शतकात इंग्लंडच्याच उत्तरेला बॉरोडेल इथे त्याची खाण सापडली. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर तो माल फ्रान्सला मिळेना, तेव्हा १७९५ साली कॉन्टे नावाच्या फ्रेंच माणसाने ग्रॅफाइटची पूड मातीत मळून, भाजून पेन्सिल केली. मातीचे प्रमाण बदलले की पेन्सिल कडक किंवा मऊ होते. हे सगळे धाकटीने आम्हांला ऐकवले. आम्ही जन्मभर कानावर पेन्सिल लावून हिंडलो, पण तिच्या पोटात माती आहे हे माहीत नव्हते.

दगड पुरे झाल्यावर तिने माणसे काढली. कमानीत अनवाणी राजा आहे, पण लहान, पाठमोरा. मोठी आहेत ती बाहेरची माणसे. रस्त्याच्या कडेला वाडगा पुढे केलेला महारोगी. खांद्यावर विळे-कोयते टाकून येणारे शेतकरी. बुरुजाच्या खिडकीत एक हात, कर्जदाराचा. आणि अगदी पुढे, चित्राच्या तळाशी, डोक्यावर घमेले घेतलेली एक बाई. आम्ही त्या बाईकडे पाहिले आणि सौ.कडे पाहिले. सौ. म्हणाल्या, “ही तर आमच्या आईसारखी दिसते. घमेलं असंच धरायची ती, एक हात वर.” धाकटी म्हणाली, “मग? दुसरी कोणती बाई मी पाहिलीय?”

यानंतर घरात एकदम सारे सुरळीत झाले, असे आम्ही लिहिणार नाही. ठरले ते इतकेच : बारावी चांगल्या मार्कांनी पुरी करायची, जे. जे.ची प्रवेश परीक्षा द्यायची, आणि प्रवेश मिळाला तर जाहिरात, छपाई, पुस्तकांची चित्रे अशी ज्यात रोजगार आहे ती शाखा धरायची. खर्चाचा तक्ता आम्ही मांडला आहे. फी, रंग-कागद, लोकलचा पास. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचा दाखला, त्यांच्या तारखा. सौ.नी तो तक्ता दोनदा तपासला आणि रंग-कागदाच्या आकड्याखाली लाल रेघ ओढली. “हे कमी धरलंय तुम्ही,” म्हणाल्या. नकार देणारे माणूस आकडा वाढवून घेत नाही, एवढे आम्हांला कळते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत चित्रे काढणारी मुले पुष्कळ आहेत. वहीच्या मागच्या पानावर काढतात, भिंतीवर कोळशाने काढतात, आणि आपण त्यांना ओरडतो. पेन्सिल दहा रुपयांच्या आत येते. मुलाला ती द्या आणि एखाद्या जुन्या इमारतीसमोर, स्टेशनसमोर, नाक्यावरच्या कमानीसमोर तासभर बसू द्या. मोबाइलमध्ये फोटो काढायला क्षणभर पुरतो. पेन्सिलीने काढायचे तर तासभर बघावे लागते, आणि तासभर बघितले की प्रश्न पडतात. हे कुणी बांधले? पैसा कुणाचा आणि घाम कुणाचा? आत कोण जाई, बाहेर कोण राही? मूल चित्रकार होवो न होवो, हे प्रश्न विचारायला शिकले तर वकील होईल तेव्हाही विचारील, कारकून होईल तेव्हाही विचारील.

आणि त्याने काढलेल्या चित्रात माणसे नसली, तर त्याला तेवढे विचारा, की माणसे कुठे गेली?